सगळे का हसले?

गेल्या महिन्यात मुंबईतल्या एका नाट्यगृहात एका वाक्यावर सारे प्रेक्षागृह हशाने दणाणले, तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्या कर्णबधिर मावसबहिणीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून खुणेने विचारले, "सगळे का हसले?" मी "नंतर सांगते" अशी खूण केली आणि मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभी राहिले तेव्हा तो विनोद मलाच धड आठवेना. हे "नंतर सांगते" तिने आजवर किती वेळा पाहिले असेल, या विचाराने मी खजील झाले आणि मला मार्ली मॅटलिन ही कर्णबधिर अमेरिकन अभिनेत्री आठवली.

शिकागोजवळ वाढलेल्या मार्लीची श्रवणशक्ती ती दीड वर्षाची असतानाच गेली. ‘चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड’ या पहिल्याच चित्रपटासाठी १९८७ साली, वयाच्या २१व्या वर्षी, तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. तीच भूमिका त्याआधी रंगमंचावर फिलिस फ्रेलिच या कर्णबधिर अभिनेत्रीने साकारली होती आणि १९८० साली त्यासाठी टोनी पुरस्कारही मिळवला होता. तिचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, हे मला खटकते.

ऑस्करनंतर मार्लीच्या वाट्याला कौतुकाइतकीच बोलणीही आली. हा सहानुभूतीचा पुरस्कार आहे, बहिऱ्या मुलीने बहिरी मुलगी रंगवली यात अभिनय तो काय, असा सूर निघाला. (या हिशेबाने मराठी नटाने मराठी कारकून रंगवणे हाही अभिनय नव्हे.) पुढच्या वर्षी त्याच मंचावर तिने नामांकनांची नावे स्वतःच्या आवाजात उच्चारली, तर काही कर्णबधिर मंडळीच दुखावली, कारण खुणांच्या भाषेपेक्षा तिने बोलण्याला मान दिला असे त्यांना वाटले.

मला मात्र पुरस्कारापेक्षा तिचा हट्ट मोठा वाटतो. टीव्हीच्या पडद्यावर संवाद लिहून यावेत या मोहिमेचा ती ठळक चेहरा होती, आणि १९९०च्या अमेरिकन कायद्याने १३ इंच व त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या टीव्ही संचात ती सोय सक्तीची केली. ‘कोडा’ या चित्रपटात कर्णबधिर वडिलांच्या भूमिकेसाठी ऐकू येणारा नामांकित नट घेण्याचा विचार पुढे आला, तेव्हा तसे झाल्यास मी काम सोडीन असे तिने बजावले. ती भूमिका ट्रॉय कॉट्सरला मिळाली आणि २०२२ साली त्यालाही ऑस्कर मिळाले. मधे पस्तीस वर्षे गेली होती.

आपल्याकडे ‘कोशिश’मध्ये संजीव कुमार आणि जया भादुरी, ‘खामोशी’मध्ये नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांनी या भूमिका अप्रतिम केल्या, पण चौघेही ऐकू येणारे. मुंबईत कर्णबधिर कलावंत मिळत नाहीत, हे मी तरी मानणार नाही. मावसबहीण दादरला समोरच्या फलाटावरच्या मैत्रिणीशी गप्पा मारते, तेव्हा सासूची चाल, टीसीचा चेहरा, गर्दीत सुटलेली चप्पल, सारे रुळांपलीकडून स्पष्ट कळते. मधून जलद लोकल धडधडत गेली की तेवढा वेळ दोघी थांबतात आणि शेवटचा डबा सरकताच तिथूनच पुढे सुरू करतात.

नाटकाचे संवाद तर आधीच लिहिलेले असतात. निर्मात्यांनी महिन्यातून एका प्रयोगाला ते रंगमंचाच्या कडेला पडद्यावर दाखवावेत, एवढेच माझे मागणे आहे. त्या प्रयोगाची पहिली दोन तिकिटे मी काढीन.