खासबाग, खाऊगल्ली आणि नाटकाची वेळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातील, आगीत जळालेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीच्या निमित्ताने त्याच्या भोवतालच्या खासबाग परिसरातील दुकानदार, खाद्यविक्रेते आणि लॉजचालक यांच्याशी रंगकर्मींनी लेखी व दीर्घ मुदतीचा करार करावा, असे मी मागील लेखात सुचवले होते. त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. व्यापाऱ्याचा पैसा आला की नाटकावर त्याचा हात येतो, बंद पडलेली नाट्यगृहे पुन्हा उभी करणाऱ्या क्लीव्हलँडसारख्या अमेरिकी शहराचा मी दिलेला दाखला कोल्हापूरला लागू पडत नाही, आणि परिसर गजबजला की जागांचे भाव वाढून तिथला लहान माणूसच आधी उठवला जातो, असे आपले म्हणणे आहे. यांपैकी शेवटच्या आक्षेपाचा विचार मी मूळ लेखात पुरेसा केला नव्हता, हे आधीच मान्य करतो.

पैशाबद्दल आपण जी भीती व्यक्त केली आहे, ती मलाही वाटते. गंधर्व नाटक मंडळीसारखी लोकप्रिय संस्था कर्जाच्या ओझ्याखाली कशी दबली, हे मराठी रसिकाला वेगळे सांगायला नको. शिवाय आपल्याकडे नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर मंडळाकडून, तपासून घ्यावी लागते. त्यात दुकानदाराच्या रूपाने आणखी एक परिनिरीक्षक आणून बसवावा, असे मी कधीही म्हणणार नाही. म्हणूनच माझ्या प्रस्तावात निर्मितीसाठी एक रुपयाही मागितलेला नाही. परंतु ‘व्यापाऱ्यांचे सहकार्य’ हा शब्दप्रयोग मी मोघमपणे केला आणि त्यातून देणगी, फलक, रंगमंचावरचा सत्कार असेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहिले, हा दोष माझ्या लेखनाचा आहे.

मला हवी आहे ती वेळेची भागीदारी. मुंबई-पुण्याची नाट्यसंस्था दौऱ्यावर निघते तेव्हा सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी अशी गावे जोडून घेते. नेपथ्य, प्रकाशयोजनेचे सामान, कलावंत आणि तंत्रज्ञ मिळून वीस-पंचवीस माणसांचा तो संसार असतो. नाट्यगृहाचे भाडे, गाडीचा खर्च आणि वर्तमानपत्रांतील जाहिराती यांचा हिशेब निर्मात्याला आधीच मांडता येतो. परंतु प्रयोग संपवून, सामान गाडीत चढवून मध्यरात्री ही माणसे कुठे जेवणार आणि कोणत्या दराने राहणार, हे बहुतेक वेळा ऐन वेळी ठरते. मग दुसऱ्या दिवशी दुपारचा आणखी एक प्रयोग लावणे शक्य असूनही निर्माता तो लावत नाही आणि गाडी रात्रीच पुढच्या गावाला निघते. परिसरातील दोन लॉज आणि एका खानावळीने वर्षभरासाठी ठरावीक दर लिहून दिला, तर त्या दुसऱ्या प्रयोगाचा विचार तरी होईल. यात कोणाचा फलक लागत नाही आणि संहितेतील एक शब्दही बदलत नाही. लॉजच्या रिकाम्या राहिल्या असत्या अशा खोल्या मात्र भरतात.

प्रेक्षकाच्या बाजूनेही प्रश्न वेळेचाच आहे. साडेनऊचा प्रयोग बाराच्या सुमारास सुटतो. कागल किंवा गडहिंग्लजहून आलेल्या कुटुंबाला तेव्हा उजेड असलेला रस्ता, सुरक्षित वाहनतळ, स्वच्छ स्वच्छतागृह आणि निदान चहा मिळेल असे एखादे दार उघडे हवे असते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने सर्वसाधारण दुकानांना आठवड्याचे सातही दिवस व्यवसाय चालू ठेवण्याची मोकळीक दिली आहे, त्यामुळे अडचण कायद्याची फारशी उरलेली नाही. दुकानदार लवकर दार ओढून घेतो, कारण आज प्रयोग आहे की नाही आणि तो किती वाजता सुटणार, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. महिन्याचे वेळापत्रक आणि त्या त्या दिवशीच्या तिकीटविक्रीचा अंदाज त्याच्यापर्यंत पोहोचवणे एवढे काम नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाने केले, तरी निम्मा करार झाला, असे मी समजेन. तिकीट दाखवून दहा टक्के सूट देण्याच्या कल्पनेचे आपल्या प्रतिक्रियेत थोडे कौतुक आहे, पण मला ती कमी महत्त्वाची वाटते. सवलतीपेक्षा दुकानाचे उघडे दार प्रेक्षकाच्या अधिक उपयोगाचे आहे.

खासबागेत बाजार आणि नाटक यांचे हे नाते मुळापासूनच आहे. प्रयोगानंतर खाऊगल्लीत उभे राहून भेळ खाता खाता दुसऱ्या अंकावर वाद घालणे हा कोल्हापुरातील नाटक पाहण्याचाच एक भाग होता. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, कुस्तीच्या मैदानाला लागून उभे केले. बाजार, आखाडा आणि रंगमंच या तिन्ही गोष्टी त्यांना एकाच नगराच्या गरजा वाटल्या असाव्यात, असा अर्थ मी त्यातून काढतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते नाट्यगृह जळाले, तेव्हा रंगकर्मी रस्त्यावर उभे राहून रडले. ही वास्तू पुन्हा उभारताना तिच्या भिंतींइतकाच तिच्या दाराबाहेरच्या पन्नास पावलांचा विचार व्हावा, एवढ्यासाठीच मी तो लेख लिहिला.

आता क्लीव्हलँडविषयी. तेथे मोठमोठ्या देणगीदार संस्थांचा पैसा ओतला गेला, हे आपले म्हणणे खरे आहे. पण तो बराच नंतर आला. युक्लिड अव्हेन्यूच्या परिसरात १९२१-२२ मध्ये उघडलेल्या पाच नाट्यगृहांपैकी चार १९६९ पर्यंत बंद पडली आणि १९७२ मध्ये त्यांतील दोन पाडून तेथे वाहनतळ करण्याचे घाटत होते. ती वाचवण्याच्या प्रयत्नांत पुढे होता तो शाळा मंडळाचा एक कर्मचारी, आणि सुरुवातीची महत्त्वाची मदत होती ती महिलांच्या एका स्थानिक संस्थेने दिलेल्या पंचवीस हजार डॉलरची. १९७३ मध्ये स्टेट थिएटरच्या प्रशस्त प्रवेशदालनात टेबल-खुर्च्या मांडून एक लहानसा संगीतमय कार्यक्रम तीन आठवड्यांसाठी सुरू झाला आणि तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. ओस पडलेल्या त्या भागात लोक रात्रीच्या वेळी येतात, हे त्याने शहराला दाखवून दिले. पुढे ही नाट्यगृहे चालवणाऱ्या संस्थेने आसपासच्या इमारती ताब्यात घेतल्या, हॉटेल उभारले आणि भाड्याचे उत्पन्न नाट्यगृहांच्या कामी लावले. ती शेवटची पायरी कोल्हापुरात कोणी चढू शकेल, असे मला वाटत नाही आणि तसा आग्रहही नाही. पहिली पायरी मात्र आपल्याला जमण्यासारखी आहे, कारण मुख्य वास्तू तयार होईपर्यंत एखाद्या मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या सभागृहात लहान प्रयोग लावून प्रेक्षकाची खासबागेकडे येण्याची सवय टिकवता येते. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले आणि मुक्कामाला राहिलेले हजारो लोक तेथून चालत येण्याच्या अंतरावर असतात. त्यांना संध्याकाळी या गावात नाटकही पाहता येते, हे त्यांच्या लॉजच्या काउंटरवर आज कोणी सांगत नाही.

राहिला जागांच्या भावांचा प्रश्न. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावर १९९० नंतर जुनी नाट्यगृहे पुन्हा उजळली, न्यू अॅम्स्टरडॅम १९९७ मध्ये डिस्नेने उघडले. पण त्याच प्रकल्पात शासनाने सक्तीने जागा संपादन केल्या आणि अनेक लहान व्यावसायिकांना तेथून जावे लागले. आपण म्हणता तसेच खासबागेतही घडू शकते, आणि तसे घडले तर खाऊगल्ली गमावून मिळवलेले झगमगीत नाट्यगृह मला नको आहे. म्हणून माझ्या प्रस्तावात एक अट जोडतो, आणि ती पहिल्या क्रमांकावर ठेवतो. पथविक्रेता अधिनियम २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीमार्फत खाऊगल्लीतील सध्याच्या विक्रेत्यांच्या जागा नाट्यगृह उघडण्यापूर्वीच निश्चित व्हाव्यात, आणि लॉजचालक किंवा मोठी उपाहारगृहे यांच्याशी होणाऱ्या कोणत्याही करारावर या विक्रेत्यांच्या प्रतिनिधीचीही सही असावी. पक्क्या दुकानांच्या भाड्यावर मात्र अशा करारातून फारसे नियंत्रण ठेवता येणार नाही. तेथे आपला आक्षेप अजून उभा आहे आणि त्यावर मजजवळ पुरते उत्तर नाही. आपण या परिसरातील भाडेकरूंच्या प्रश्नांवर काम केल्याचे प्रतिक्रियेत लिहिले आहे. अटींचा मसुदा मी या आठवड्यात लिहून काढतो. भाड्यासंबंधीचे कलम आपण लिहून द्यावे, अशी विनंती करतो.