‘सॉर्ट -यू’ने का भागत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. यादीतल्या दुबार ओळी गाळण्यावरच्या माझ्या लेखावर आपण प्रतिक्रिया दिलीत. एका ‘सॉर्ट -यू’ने (ओळी अकारविल्हे लावून दुबार ओळी गाळणारी आज्ञा) होणारे काम मी ‘ऑक’ (मजकुरावर ओळीगणिक काम करणारी आज्ञा) वापरून उगाच लांबवले, आणि ते करूनही मुलुंडच्या आपल्या सोसायटीच्या यादीत ‘कुऱ्हाडे’ हे नाव दोनदा उरलेच, असे आपले दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. ओळींच्या क्रमाला महत्त्व नसेल, तर ‘सॉर्ट -यू’च वापरावे. मात्र लेखातली यादी गिरगावातल्या आमच्या मंडळाच्या सहलीची होती आणि ज्या क्रमाने नावे आली, त्याच क्रमाने बसमधल्या जागा द्यायच्या होत्या. ती अकारविल्हे लावली असती, तर पहिल्याच दिवशी पैसे भरणाऱ्या एक काकू केवळ आडनाव ‘ह’ने सुरू होते म्हणून प्रतीक्षायादीत गेल्या असत्या. ‘ऑक’ ओळ प्रथम भेटली की छापते आणि पुन्हा भेटली की गाळते, त्यामुळे क्रम टिकतो. त्यासाठी प्रत्येक वेगळी ओळ शेवटपर्यंत मेमरीत ठेवावी लागते, तर ‘सॉर्ट’ मोठ्या फाइलचे तुकडे तात्पुरत्या फाइलींत ठेवून जुळवते. अवाढव्य फाइलीबाबतचा हा इशारा मी द्यायला हवा होता, ती चूक माझीच. (दुबार ओळी गाळणारी ‘युनिक’ ही आज्ञा नुसती कामाची नाही, ती फक्त लागोपाठच्या ओळी ताडून पाहते.)

दुसऱ्या आक्षेपासाठी आपण पाठवलेल्या दोन्ही ओळी मी ‘ओडी’मधून (फाइलीतले बाइट दाखवणारी आज्ञा) पाहिल्या. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, असे सहा बाइट आहेत. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा जोडक, असे नऊ. पडद्यावर दोन्ही नावे हुबेहूब सारखी, पण ‘ऑक’च्या लेखी ती दोन वेगळी माणसे. बहुधा यादी दोघांनी दोन वेगळ्या कीबोर्डांवर टंकली असावी. ‘यूकॉन्व्ह’ने (मजकुराचे रूपांतर करणारी आज्ञा) मजकूर ‘एनएफसी’ या युनिकोडच्या प्रमाण, जोडलेल्या रूपात आणला, तर ‘र’खाली सुटा नुक्ता (टिंब) दिलेले रूप ‘ऱ’मध्ये मिळते, पण जोडकाचे रूप तसेच राहते, ते आधी ‘सेड’ने (मजकूर शोधून बदलणारी आज्ञा) बदलून घ्यावे आणि मगच ‘ऑक’ चालवावे. यादीचा काही भाग विंडोजवरून आला असेल, तर ओळीच्या टोकाचा कॅरेज रिटर्नही (डोळ्यांना न दिसणारे जादा चिन्ह) त्याच वेळी काढावा.

हे करताना निकाल नव्या नावाच्या फाइलीत घ्यावा. तो मूळ फाइलीकडेच वळवलात, तर ‘ऑक’ने पहिली ओळ वाचण्याआधीच शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) ती फाइल रिकामी करते.