सत्तर की सतरा

मंगळवारची गोष्ट आहे, आज शुक्रवार, तरी ते पाचशे रुपये काही डोक्यातून जात नाहीयेत. म्हणून लिहून टाकतो.

एका पतसंस्थेचं नेटवर्क मी सांभाळतो, नाव नको. रस्त्याच्या अलीकडे मुख्य शाखा, पलीकडे जुन्या इमारतीत कर्ज विभाग, मधे फायबर. माझ्या आधी जो कोणी कलाकार इथे होता त्याने लॅमिंग्टन रोडवरून भंगाराच्या भावात १५५ मेगाबिटची दोन एटीएम कार्डं उचलून आणली, दोन लिनक्स मशिनांत खुपसली आणि स्वतः दुबईला निघून गेला. एटीएम म्हणजे पैशाचं नव्हे हो. असिंक्रोनस ट्रान्सफर मोड, डेटा पाठवायची एक जुनी पद्धत. हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की झोपेतही बोलत असेन, बायकोला विचारलं पाहिजे.

तर या एटीएमला आपला साधा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा नंबर, कळत नाही. त्याला फक्त सर्किट, म्हणजे दोन टोकांमधली ठरलेली वाट, कळतं, तेही खरं नाही, आभासी. मग कुठला पत्ता कुठल्या सर्किटवर ते आपण हाताने सांगायचं, त्यासाठी कमांड आहे अ‍ॅटमार्प. अ‍ॅटमार्प मायनस एस, पुढे समोरच्याचा आयपी, पुढे शून्य डॉट शून्य डॉट सत्तर. पहिलं शून्य म्हणजे कार्ड, दुसरं म्हणजे पाथ, आणि सत्तर म्हणजे चॅनल. मधे स्विच नाही, त्यामुळे दोन्ही टोकांना आकडा तोच हवा, आणि दोन्हीकडे ही ओळ मारायलाच हवी, एकीकडे मारून भागत नाही. टाळी आहे ती. आणि मशीन रिस्टार्ट झालं की सगळं पुसलं जातं, पाटी कोरी. स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवली असती तर आपोआप झालं असतं, पण दुबईला जायच्या घाईत राहिलं असणार. आणि माझंही तीन वर्षं राहिलंय, ते जाऊ दे.

सोमवारी रात्री वीज गेली, यूपीएसने मान टाकली, सकाळी पाटी कोरी.

मी मुख्य शाखेत, काउंटरच्या मागे टेबलाखाली अर्धा घुसलेलो. पलीकडच्या ताईंना फोनवर म्हटलं, "एटीएम बंद पडलंय, मी सांगतो तसं टाइप करा." एवढंच बोललो. शिपायाने ते ऐकलं आणि पाच मिनिटांत खडूने पाटी लिहून दारात लावली, 'एटीएम बंद आहे, तसदीबद्दल क्षमस्व'. आता या पतसंस्थेला एटीएम नाही. कधीच नव्हतं. पण पाटी वाचल्याबरोबर रांगेत चिडचिड सुरू, की बघा, मशीन बसवलं आणि आपल्याला सांगितलंसुद्धा नाही, संचालकांचे नातेवाईक गुपचूप काढत असतील. एक बाई तर म्हणाल्या की माझं कार्ड मागच्याच आठवड्यात यात अडकलं होतं.

आणि रांगेत सगळ्यात पुढे ते आजोबा. पांढरा सदरा, खिशाला तीन पेनं, हातात पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. काउंटरवरून वाकून थेट टेबलाखाली बघत म्हणाले,

"काय रे बाळ, नोटा अडकल्या का?"

"आजोबा, हे पैशाचं एटीएम नाही."

"मग कसलं?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दोन तास पिंग करून, म्हणजे समोरच्या मशीनला हाका मारून, एकालाही ओ न मिळालेला माणूस गप्प बसत नाही. मी सांगितलं. सगळं सांगितलं. पत्ता, सर्किट, सत्तर. आजोबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे कुठली दोरी कुठल्या भोकात."

"तसं नाही हो."

"तसंच आहे. मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली, ट्रंक बोर्डावर. समोर भोकं, हातात दोरी. मागणारा सांगणार नाव-गाव, आम्ही बघायचं कुठल्या भोकात घालायचं. हेच ना तुझं?"

म्हटलं तर हेच होतं, पण कबूल कोण करणार.

मग आजोबा सुटले. साधा कॉल, अर्जंट कॉल, लाइटनिंग कॉल, लाइटनिंगला आठपट दर, आठपट, लोक घरात कोणी वारलं तरच करायचे. एकदा एकाने लाइटनिंग कॉल लावून समोरच्याला फक्त 'पोचलो' एवढंच सांगितलं, ते सांगताना आजोबांचे डोळे अजून रागाने लाल. १९६० साली लखनौ-कानपूर एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट कॉल, सुरू झालं तेव्हाच मला कळायला हवं होतं की आपली नोकरी जाणार, असं म्हणाले. मी हिशोब केला, तेव्हा ते शाळेत असणार. पण रांग भक्तिभावाने ऐकत होती. माझ्या अ‍ॅटमार्पला एवढे श्रोते आयुष्यात मिळाले नसते.

खरं तर माझ्याकडेही किस्से आहेत. या एटीएममध्ये डेटा ५३ बाइटच्या तुकड्यांत जातो, ५ बाइट पत्त्याचे आणि ४८ मालाचे. आता ४८ का? तर अमेरिकेला ६४ हवे होते, युरोपला ३२, कोणी हटेना, मग मधला आकडा घेतला. म्हणजे लग्नाच्या बैठकीत मानपानावरून अडतं तसं. त्यावर आयपी कसा चालवायचा याचं मानक १९९४ चं, आणि लिनक्सवरचं काम स्वित्झर्लंडला, लोझानच्या तंत्र विद्यापीठात झालं. एके काळी हेच पुढचं युग म्हणत होते, मी क्लासला फी भरून शिकलो, आणि आज त्या ज्ञानाचं गिऱ्हाईक जगात एकच, ही पतसंस्था. आणि तिच्याही टेबलाखाली झाडू मारत नाहीत.

दर वर्षी मी लिहून देतो की फायबरच्या दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टरचे डबे घ्या, सगळीकडे असतं ते साधं इथरनेट टाका, संचालकांच्या एका सभेच्या चहा-नाश्त्यात होईल. दर वर्षी उत्तर तेच, चालतंय ना. बंद पडलं की मात्र 'तुम्ही काय बघता मग?'

तर इकडे माझ्या मशीनच्या यादीत ओळ बरोबर, कार्डाचा दिवा हिरवा, तरी पिंग नाही. चौथ्यांदा ताईंना फोन. लाइनवर खरखर, मागे कुठेतरी जनरेटर.

"ताई, शेवटचा आकडा सत्तरच आहे ना?"

"हो हो, सतरा."

"सत्तर ना?"

"सतराच आहे सर, तुम्ही सांगितला तोच."

मला ऐकू येत होतं सत्तर. देवाशपथ.

आजोबांनी काउंटरवरून हात घालून फोन माझ्या कानावरून काढून घेतला. नेटवर्क इंजिनियरच्या कानावरून! आणि एकदम खणखणीत सरकारी आवाजात, "हॅलो, आकडे सुटे बोला. सुटे!" पलीकडून काहीतरी आलं. आजोबांनी माझ्याकडे बघितलं, चौतीस वर्षांचा सगळा आनंद चेहऱ्यावर. "एक-सात म्हणतेय. तुला काय हवंय?"

"सात-शून्य," मी टेबलाखालून म्हटलं.

"आम्ही बोर्डावर कधीच सत्तर म्हणायचो नाही. सात-शून्य. पहिल्या दिवशी शिकवतात."

आता माझी बाजू ऐका. ३२ च्या खालचे चॅनल राखीव असतात, सतरा तिथे कोणी वापरत नाही, कमांडने कान उपटायला हवे होते. पण ताई रूटने, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याने, लॉगिन होत्या, आणि रूटला कोण अडवणार, साहेबाचा पोरगा तो. निमूट घेतलं. आणि हो, पुढची पायरी म्हणून मी आकडे सुटेच विचारणार होतो. अगदी पुढचीच. कोणी विश्वास ठेवत नाही.

ओळ बदलली, पिंग सुरू झालं. रांगेने टाळ्या वाजवल्या, आजोबांसाठी. मॅनेजर साहेब केबिनमधून बाहेर आले, आजोबांना आत नेऊन चहा आणि क्रीमची बिस्किटं. मी टेबलाखालून निघताना डोकं आपटलं, ते शिपायाने बघितलं आणि हसला. मला चहा नाही. तीन तास, धूळ, टेंगूळ, आणि बिल दिलं तर साहेब म्हणतात, "यातले पाचशे कमी करा हो, फॉल्ट तर काकांनीच काढला." मी म्हटलं काकांना द्या मग ते पाचशे. तर तेही नाही. त्यांना चहा दिला ना.

पैशाचा प्रश्न नाही असं म्हणतात लोक. मला आहे.

आज सकाळी उरलेल्या बिलाचं विचारायला फोन केला. दारातली पाटी शिपायाने पुसून आता 'एटीएम चालू आहे' अशी केलीय म्हणे, आणि लोक कार्डं घेऊन येतायत, त्याचंही खापर माझ्यावर. ते ऐकून घेतलं आणि विचारलं की चेक कधी मिळेल. पलीकडे तीच खरखर, तोच जनरेटर.

"सर, सतरा तारखेला."

"एक-सात ना, ताई?"