शेजार मुळासकट कसा उपटावा

सोसायटीच्या कमिटीवर निवडून आलात? अभिनंदन. पहिलं काम, गेटजवळचा कट्टा. तोडायला खर्च येतो, म्हणून त्यावर लोखंडी खिळे बसवा. आमच्याकडे गेल्या आठवड्यात बसवले. सवयीनं टेकायला गेलो आणि पँट गेली. 'रिकामटेकडे बसतात' एवढं कारण फलकावर पुरतं.

जिन्यात कोणी बोलताना दिसलं, की दंड.

वाटीभर साखर मागायला आलेल्याला ॲपचं नाव सांगा.

कोणी चाळीच्या गोष्टी काढल्या तर सरळ हसा. काय होतं तिथे? मुंबईच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्याला सामायिक संडास. खोलीत मावायचं नाही, म्हणून माणसं गॅलरीत, ओट्यावर, नाक्यावर. गिरणगावात, म्हणजे कापडगिरण्यांच्या वस्तीत, नवा आलेला पोरगा गावकीच्या, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक, खोलीत वळकटी टाकायचा, पाळीप्रमाणे झोपायचा, कोणाच्या तरी ओळखीनं गिरणीत बदली कामगार म्हणून, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, चिकटायचा आणि खाणावळवालीकडे महिन्याच्या उधारीवर जेवायचा. ती बाई स्वतः सावकाराच्या व्याजात बुडालेली. १९७५ साली प्रेमा पुरवांनी अशा बायकांना जोडून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे त्यांना बँकेचं कर्ज दिसलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, दोन लाखांवर कामगारांचा पगार थांबला. कितीतरी जण गावी परतले. राहिलेल्यांची चूल वाण्याच्या वहीवर आणि बायकांच्या घरकामावर चालली. शेजारी चूल पेटली नाही, हे कळायला ग्रुप लागत नव्हता, गॅलरीतून जाता-येता दिसायचं. नळावर भांडणं व्हायची, चोंबडेपणा तर विचारू नका, आणि जातीबाहेरच्याला, गावाबाहेरच्याला त्या गावकीच्या खोलीत जागा मिळेलच असंही नव्हतं. तरी आजारी माणूस कुजेपर्यंत कोणाला पत्ताच नाही, असं सहसा घडत नसे!

आता तुम्हाला रिकामटेकडे म्हणजे कोण दिसले हो? गुडघे धरून बसणारी म्हातारी माणसं? ड्यूटी संपलेला वॉचमन? मुलाची रिक्षा येईपर्यंत थांबलेली आई? आणि बाकीचे तुम्ही, सभेत हात वर करणारे! विषय काय होता, ते तरी वाचलंत का? वेफर्सच्या ताटलीत डोकं होतं सगळ्यांचं. तुमच्या समोरच्या दारात एकट्या राहणाऱ्या काकूंचं नाव सांगा बघू. नाही ना येत? मग पुढच्या गणपतीत माईक हातात घेऊन 'हल्ली कोणी कोणाचं राहिलं नाही' म्हणून गळे काढू नका.