विमानाचा भाव

रेल्वेच्या गावात वाढलेल्या माणसाने विमानांच्या नादी लागणे हे आमच्या भुसावळात घरजावई होण्याइतकेच कमीपणाचे समजले जाते. आजोबा, वडील आणि दोन काका रेल्वेत. घरातले भिंतीवरचे घड्याळसुद्धा गाडीच्या वेळेवर लावलेले. आणि मी मात्र लहानपणी आकाशाकडे पाहत चालल्यामुळे दोनदा गटारात पडलेलो. तरीही या वेडाला खतपाणी घातले ते रेल्वेनेच. आमच्या फलाटावरून गोवा एक्स्प्रेस एकीकडे वास्कोला जाते, जेथे नौदलाचे विमान संग्रहालय आहे, आणि दुसरीकडे दिल्लीला, जेथे पालमला हवाई दलाचे संग्रहालय आहे. कर्नाटक एक्स्प्रेसने खाली उतरत गेले तर बंगळुरूला एचएएलचे, म्हणजे विमाने बनवणाऱ्या सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्स कंपनीचे, संग्रहालय. गाडी न बदलता तीन विमान संग्रहालये गाठता येतात, ही आमच्या गावाची थोरवी लग्न ठरेपर्यंत मी बायकोच्या कानावर जाऊ दिली नव्हती.

विमान संग्रहालय एकट्याने पाहणे हे सुख आहे. बायकोमुलांसह पाहणे ही बिनपगारी नोकरी आहे. सासऱ्यांसह पाहणे ही मात्र तोंडी परीक्षा असते, आणि परीक्षक चोपडा तालुक्यातील केळीचे बागायतदार असले तर उत्तीर्ण होण्याची आशा ठेवू नये. आमच्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चाळीस वर्षे केळीच्या व्यापाऱ्यांशी भावाची घासाघीस केलेली आहे. त्यामुळे जगातील कोणत्याही वस्तूकडे ते तीनच प्रश्न घेऊन जातात: केवढ्याला घेतली, खाते किती आणि मोडीत काढली तर काय येईल. ताजमहालापुढेही त्यांनी यातला पहिला प्रश्न विचारल्याचे सासूबाई सांगतात.

दिवाळीच्या सुट्टीत ‘समुद्र पाहायला’ म्हणून मी सर्वांना वास्कोला नेले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळीची एक फणी असा शिधा गाडीत संपला. संग्रहालयाच्या पुढेच बोगमाळोचा किनारा आहे, त्यामुळे मी खोटे बोललो असे कोणाला म्हणता येणार नव्हते. फक्त समुद्राच्या आधी दोन तास विमाने लागत होती.

आवारात पहिली नजर जाते ती सुपर कॉन्स्टेलेशनकडे. चार इंजिने, माशासारखे बाकदार अंग आणि एकाऐवजी तीन उभ्या शेपट्या असलेले हे अमेरिकी विमान १९५०च्या दशकात एअर इंडियाचे वैभव होते, आणि कंपनीने या विमानांना राण्यांची नावे दिली होती. पुढे ती हवाई दलात आली आणि तेथून नौदलाकडे समुद्रावर टेहळणीसाठी गेली. मी हे सर्व भरल्या गळ्याने सांगत असताना मामा विमानाच्या पोटाखाली गेले, टायरवर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, “जवाईबुवा, हाई भंगारमा कितलाले जाई?”

मी विषय शेपटीकडे नेला. तीन शेपट्या का, तर एकच उंच शेपूट केली असती तर ती त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेली नसती, म्हणून एकीचे काम तीन ठेंगण्या शेपट्यांत वाटून दिले, असे सांगितले. या उत्तराने मी प्रथमच गुण मिळवले. गावाच्या दरवाजातून कडब्याची गाडी काढताना वरचे दोन थर उतरवून बाजूला बांधावे लागतात, हे मामांना पाठ होते. “शहाणा माणूस व्हता,” असे त्यांनी लॉकहीड कंपनीच्या अभियंत्यांबद्दल मत दिले आणि पुढचा प्रश्न विचारला, “एव्हरेज काय देस?”

विमानाचे इंधन किलोमीटरवर मोजत नाहीत, तासावर मोजतात, हे मी समजावले. मामांना त्यात काही नवल वाटले नाही, कारण विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा हिशेब तासावरच असतो. मला मात्र त्यांना चकित करायचेच होते. म्हणून मी सांगून टाकले की याच्या एका इंजिनात अठरा सिलिंडर आहेत, म्हणजे चार इंजिनांत बहात्तर, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन याप्रमाणे एकशे चव्वेचाळीस स्पार्क प्लग.

मामा थांबले. टोपी काढून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. “बहात्तर शिलिंडर? मन्हा ट्रॅक्टरले तीन शेतस.” मग बराच वेळ ते चौथ्या इंजिनाकडे पाहत राहिले. त्यांना या यंत्राचे वैभव उमगले असे समजून मी कृतार्थ होत होतो, तेवढ्यात त्यांनी हळू आवाजात विचारले, “प्लग कोन साफ करे?”

विमानांवर मी तीस वर्षे वाचतो आहे. बहात्तर सिलिंडरांचा अभिमान मी अनेकदा मिरवला होता. पण पहाटे चार वाजता शिडीवर चढून एकशे चव्वेचाळीस प्लग खोलणाऱ्या माणसाचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. ही इंजिने इतकी नाजूक प्रकृतीची होती की वैमानिक या विमानाला ‘जगातील सर्वांत उत्तम तीन इंजिनी विमान’ म्हणत, कारण चौथे वाटेत बंद पडलेले असायचे. हे सांगितल्यावर मामा पोट धरून हसले. बंद पडणारे इंजिन हा त्यांचा हक्काचा विषय होता.

सीलँड हे पाण्यावर उतरणारे विमान आम्ही चालता चालता पाहिले. १९५३ मध्ये आपल्या नौदलाने घेतलेली ही अगदी पहिली विमाने. हतनूरच्या धरणात उतरेल का, एवढीच चौकशी झाली. सी हॉकपाशी मात्र पाय अडकले. विक्रांत या आपल्या पहिल्या विमानवाहू जहाजावरची ही लढाऊ विमाने. डिसेंबर १९७१ मध्ये यांनीच कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. जहाजावर जागा अपुरी, म्हणून पंख मधोमध बिजागरीवर दुमडून वर उभे करता येतात, आणि धावपट्टी तोकडी, म्हणून शेपटीखालचा आकडा डेकवर ताणलेल्या तारेत अडकवून विमान थांबवतात. मामांनी तो आकडा वाकून पाहिला, पलीकडच्या पाटीवर ‘हात लावू नये’ असे लिहिले आहे हे माझ्याकडून वाचवून घेतले, हात लावला, आणि उधळलेल्या गोऱ्ह्याला कासऱ्याने थांबवताना तळहाताचे काय होते ते आम्हा सर्वांना सविस्तर सांगितले. माझ्या मुलाने मी सांगितलेला इतिहास नव्हे, तो गोऱ्हा शाळेच्या निबंधात लिहिला.

“मंग ते जहाज कोठे शे?” असे त्यांनी विचारले तेव्हा मात्र माझा आवाज पडला. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, पुढे काही वर्षे मुंबईत तिचे संग्रहालय होते आणि २०१२ मध्ये ते बंद झाले. मी दरवर्षी ‘पुढच्या उन्हाळ्यात जाऊ’ म्हणत राहिलो आणि जहाज भंगारात निघाले. तिच्या पोलादाचा काही भाग वितळवून बजाजने २०१६ मध्ये एक मोटारसायकल काढली. म्हणजे जे जहाज पाहायला मी मुंबईला जायचे टाळले, ते आमच्या स्टेशनबाहेर दुचाकीच्या रांगेत उभे राहून मला हिणवू लागले. मामांना या कथेत दुःखाचे काही दिसले नाही. भाव बरा मिळाला असणार, एवढेच ते म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात दिल्लीला गेलो तेव्हा मामा स्वतःहून आले. पालमचे संग्रहालय सोमवारी आणि मंगळवारी बंद असते. आम्ही सोमवारी पोहोचलो. दोष पूर्णपणे माझा होता, आणि बायकोने तो दोन दिवस करोल बागेत साड्यांच्या रूपाने वसूल केला. बुधवारी मी वेपिटीपासून सुरुवात केली, कारण १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन याच जातीच्या चार विमानांवर उभी राहिली. पंखांवर कापड ताणलेले आहे हे कळल्यावर मामांनी पावसाळ्याबद्दल काळजी व्यक्त केली.

पुढे लिबरेटर आले, आणि या विमानापाशी परीक्षेचा प्रश्न मला आधीच फुटलेला होता. मामांनी तोंड उघडण्यापूर्वी मीच सांगितले की मामा, हे भंगारच होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर ही अमेरिकी बनावटीची अवजड बॉम्बफेकी विमाने कानपूरला टाकून दिलेली होती, आणि पुन्हा कोणी उडवू नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोड केलेली होती. बंगळुरूच्या एचएएलच्या लोकांनी त्या ढिगातून एकाचे चाक, दुसऱ्याचा पंख असे जुळवून ती जागेवरच उडण्यापुरती उभी केली, आणि जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने ती एकेक करून कानपूरहून बंगळुरूला उडवत नेली. तेथे दुरुस्ती होऊन चाळीसच्या आसपास विमाने हवाई दलात गेली आणि १९६८ पर्यंत चालली. तोवर जगात दुसऱ्या कोणत्याही हवाई दलाकडे हे विमान चालू स्थितीत उरले नव्हते. मग ब्रिटन-अमेरिकेतील संग्रहालयांना हवे झाले तेव्हा ती आपल्याकडून गेली. ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात आज जे लिबरेटर आहे ते भारताने भेट दिलेले आहे.

मामा लिबरेटरभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. रिव्हेटच्या रांगेवरून नख फिरवत, कलिंगडावर मारतात तशी त्यांनी पत्र्यावर टिचकी मारली. “भेट दिधं? फुकट?” असे त्यांनी अत्यंत दुखावल्या स्वरात विचारले. ते दुःख त्यांच्या चेहऱ्यावरून रात्रीच्या जेवणापर्यंत हलले नाही.

हलले ते नॅट या चिमुकल्या लढाऊ विमानामुळे. श्रीनगरवर १४ डिसेंबर १९७१ रोजी एकट्याने पाकिस्तानच्या सेबर विमानांशी झुंजलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों याच जातीच्या विमानात होते, आणि परमवीर चक्र मिळालेले हवाई दलाचे ते एकमेव अधिकारी. हे ऐकताना मामांनी टोपी हातात घेतली होती. ती डोक्यावर परत गेल्यावर मात्र त्यांनी नॅटच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावले टाकली. पंखांचा पसारा जेमतेम बावीस फूट. “हाई तं मन्हा खळामा माई जाई,” ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत केळीचा भाव चढतो त्या दिवशी येते तशी चमक दिसली.

निवृत्त विमाने हवाई दल शाळा-महाविद्यालयांना आणि चौकांत उभी करायला देते, हे सांगण्याची बुद्धी मला कोठून झाली देव जाणे. त्यातच मिग-२१ विमाने ६२ वर्षांच्या सेवेनंतर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाल्याची बातमी मामांनी पेपरात वाचलेली होती, म्हणजे बाजारात माल आहे हे त्यांना ठाऊक होते. परतीच्या गाडीत इटारसी येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत गप्प बसले, आणि खंडवा सोडल्यावर त्यांनी मला कागद काढायला लावला.

अर्ज ग्रामपंचायतीच्या वतीने असून त्याचा विषय ‘आमच्या गावास जुने लढाऊ विमान मिळणेबाबत’ असा आहे. भाषा शुद्ध हवी म्हणून तो मी लिहिला. जागा, कुंपण आणि रात्रीच्या दिव्याची हमी दिलेली आहे. नॅट नसल्यास मिग-२१ चालेल, असेही नमूद केले आहे. सही करण्यापूर्वी मामांनी तो दोनदा वाचला, मान हलवली आणि शेवटी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: ‘विमान देताना टायर बघून द्यावेत, ही नम्र विनंती.’