कंपनीला परवडत नाही, म्हणूनच केबल सरकारने टाकावी

"मॅडम, तुमच्या साइडला फीजिबिलिटी नाहीये."

मामांच्या घरी फायबरचं कनेक्शन घ्यायचं म्हणून गेल्या दोन वर्षांत मी सहा वेळा फोन केला आणि सहाही वेळा हेच ऐकलं. शेवटच्या वेळी फोनवरचा मुलगा भला होता. त्याने नकाशा उघडून नीट समजावलं. त्यांचा शेवटचा बॉक्स मोठ्या रस्त्यावर आहे, तिथून घर दीड किलोमीटर आत, मध्ये एक ओढा आणि वाटेवर सगळी मिळून नऊ घरं. "नऊ घरांसाठी एवढं खोदकाम कंपनी नाही करणार, मॅडम."

फोन ठेवला तेव्हा मी चिडले होते. रात्री विचार केल्यावर मात्र त्याचं म्हणणं पटलं. कंपनीचा हिशेब बरोबरच आहे. फायबरमधली काच महाग नसते. पैसा जातो तो चर खणण्यात, रस्ता फोडून पुन्हा बुजवण्यात, परवानग्यांत आणि मजुरीत. हा खर्च गजबजलेल्या गल्लीत दोनशे घरांवर वाटला जातो आणि आडवाटेला नऊ घरांवर. नऊ घरांच्या मासिक बिलातून तो कितीही वर्षांत वसूल होणार नाही. भागधारकांचा पैसा वापरणाऱ्या कंपनीने हा तोटा का घ्यावा? मला त्यांच्याकडून ती अपेक्षाच नाही. पण मग त्या नऊ घरांचं काय, हा प्रश्न कुणाचा? मी म्हणते, सरकारचा. आणि त्यासाठी देशभर करदात्यांचा पैसा लागणार असेल तर तो लागू दे. माझ्या करातलाही.

ही चैनीची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मामींचा एक प्रसंग सांगते. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तपासणी व्हिडिओ कॉलवर ठेवली होती, एवढ्या लांब हेलपाटा नको म्हणून. घरात रेंज येत नाही, त्यामुळे मामी गच्चीच्या कोपऱ्यात उभ्या. मामांच्या हातात फोन, माझ्या हातात फाइल. डॉक्टर म्हणाले, "टाक्यांजवळ लाली दिसतेय का ते बघू द्या." मामींनी पदर बाजूला केला आणि नेमकं चित्र अडकलं. पडद्यावर नुसते चौकोन. पुन्हा लावला, पुन्हा चौकोन. उन्हात, उघड्यावर, जखम दाखवत त्या वीस मिनिटं उभ्या होत्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुम्ही येऊनच जा." तेव्हापासून 'ऑनलाइन सगळं मिळतं' हे वाक्य मला ऐकवत नाही.

शाळेचा अभ्यास, नोकरीची मुलाखत, सरकारी अर्ज, बँकेचा व्यवहार, सगळं आपण झपाट्याने तारेवर नेऊन ठेवलं. खिडक्या बंद केल्या, कागद घेणं थांबवलं. मग ज्याच्या दारात तारच नाही त्याने कुठे जायचं? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातले सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटबाहेर होते. शहरांत ८३ टक्के लोक ऑनलाइन, ग्रामीण भागात ४८ टक्के. ही दरी बाजार आपोआप बुजवेल असं म्हणणाऱ्यांनी तो नऊ घरांचा हिशेब एकदा स्वतः मांडून बघावा.

विजेच्या बाबतीत हे सगळं आधी घडून गेलंय. १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत शहरांतल्या बहुतेक घरांत वीज होती आणि शेतावरच्या घरांपैकी जेमतेम दहा टक्क्यांत. वीज कंपन्यांचं उत्तर तेव्हाही हेच होतं, की घरं लांब लांब आहेत, परवडत नाही. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली, पुढच्या वर्षी कायदा झाला आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त दराने कर्ज मिळू लागलं. खांब त्यांनी स्वतः रोवले. वीसेक वर्षांत जवळपास सगळ्या शेतघरांत दिवे लागले. त्यातल्या कित्येक सहकारी संस्था आज त्याच खांबांवरून फायबर नेतायत, हे मला फार मोठं वाटतं.

"आता सॅटेलाइट आहे की," हे मला दर वेळी ऐकवलं जातं. आहे, आणि डोंगरातल्या एकट्या घराला, बोटीला, पुरात तुटलेल्या भागाला त्याचा मोठा आधार आहे. पण सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर फिरणारे हे उपग्रह पाचेक वर्षांसाठी बनवलेले असतात, म्हणजे पुन्हा पुन्हा सोडावे लागतात, आणि एका टापूतले सगळे ग्राहक एकच क्षमता वाटून घेतात. मोबाइलचं म्हणाल तर टॉवरलाही चांगला वेग द्यायचा तर मागून फायबरच लागते. एकदा पुरलेली काच मात्र कित्येक दशकं टिकते. वेग वाढवायचा तर दोन्ही टोकांची यंत्रं बदलायची, मधला चर पुन्हा उकरावा लागत नाही. रस्ता आणि पूल सरकार बांधतं, त्याच जातीचं हे काम आहे.

पैसे कसे द्यावेत, यावर मात्र माझं मत ठाम आहे. नुसतं अनुदान कंपन्यांच्या हातात ठेवू नये. तसं केलं तर जनतेच्या पैशाने खणलेला चर एका कंपनीचा होतो, तिथे दुसरं कुणी येऊ शकत नाही आणि ती लावेल तो दर मुकाट्याने द्यावा लागतो. स्टॉकहोम शहराने १९९४ मध्येच यावर चांगला रस्ता काढला. शहराच्या मालकीची स्टोकाब नावाची कंपनी काढली, तिने डक्ट (केबल ओवायच्या नळ्या) आणि डार्क फायबर टाकली, म्हणजे ज्यात अजून प्रकाश सोडलेला नाही अशी नुसती काच, आणि ती सगळ्यांना सारख्या अटींवर भाड्याने दिली. सेवा विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या, त्यांच्यात स्पर्धा. जमिनीखालचं सार्वजनिक, वरचा धंदा खुला. मला हीच विभागणी हवी आहे.

अर्धवट काम किती महाग पडतं ते ऑस्ट्रेलियाने दाखवलं. २००९ मध्ये तिथल्या सरकारने ९० टक्के घरांपर्यंत थेट फायबर नेण्याची ४३०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची योजना जाहीर केली. २०१३ मध्ये सरकार बदललं, आणि काम लवकर आणि स्वस्तात उरकावं म्हणून बऱ्याच ठिकाणी शेवटच्या टप्प्याला जुनी तांब्याची तार आणि टीव्हीची केबलच ठेवली. २०२० मध्ये त्याच पक्षाच्या सरकारला त्याच भागांत फायबर पुढे नेण्यासाठी नव्याने पैसे जाहीर करावे लागले. लोकांनी एकाच रस्त्यासाठी दोनदा पैसे भरले.

भारतनेटचा धडा वेगळा आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची होती. मुदती वर्षानुवर्षं पुढे गेल्या, आणि जिथे केबल पोचली तिथेही कित्येक ठिकाणी ती चालू राहिली नाही. पंचायतीच्या भिंतीवर पेटी, पण केबल तुटली तर बघायला कुणी नाही. २०२३ च्या सुधारित योजनेत बांधणीबरोबर १० वर्षांच्या देखभालीची तरतूद आली. ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

देखभाल म्हणजे काय ते मी एकदा जवळून पाहिलंय. पाइपलाइनच्या खोदकामात केबल तुटली होती आणि रस्त्याकडेला छत्री लावून एक माणूस स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेली टोकं जोडायचं काम, करत बसला होता. केसाएवढी काच. तो तिचं आवरण सोलायचा, अल्कोहोलने पुसायचा, क्लीव्हरने टोक सरळ कापायचा आणि मशीनमध्ये ठेवायचा. छोट्या स्क्रीनवर दोन टोकं हळूहळू जवळ यायची, बारीक ठिणगी, आणि जोड दिसेनासा व्हायचा. वर स्लीव्ह चढवून पुढची. अठ्ठेचाळीस जोड होते. जेवायला कधी उठणार विचारलं तर म्हणाला, "धूळ बसली की लॉस वाढतो, सिग्नल कमजोर होतो. हे झाकल्याशिवाय उठता येत नाही." असा माणूस दर तालुक्याला पगारावर हवा. उद्घाटनाच्या फोटोत तो नसतो आणि अंदाजपत्रकातही बहुधा नसतो.

राहिला तो आक्षेप, जो मलाही सगळ्यात जड वाटतो. तार सरकारची झाली की बटणही सरकारच्या हातात गेलं, उद्या आंदोलन झालं की इंटरनेट बंद. ही भीती खरी आहे. पण आजही बंदीचा हुकूम निघाला की खाजगी कंपन्या तो पाळतातच. मालकी खाजगी असल्याने बटण सुटलेलं नाही. त्याला कायद्याचाच लगाम हवा. बंदी कोण घालू शकतो, किती दिवसांसाठी, त्याचं कारण लेखी जाहीर होणार का, कोर्टात किती तासांत दाद मागता येईल, हे योजनेच्या मंजुरीबरोबरच लिहून घ्यावं. फिनलंडने १ जुलै २०१० पासून १ एमबीपीएस जोडणी हा प्रत्येकाचा कायदेशीर हक्क केला. हक्क असा कागदावर आला की नाकारणाऱ्याला जाब विचारता येतो. आज मी फोनवरच्या त्या मुलाला काय विचारणार? तोही बिचारा नकाशावरचा लाल ठिपकाच वाचून दाखवतो.

मामींची पुढची तपासणी याच महिन्यात आहे. काल त्यांनी विचारलं, "परत गच्चीवर उभं राहायचं का गं?" मी म्हटलं, नको मामी, आपण पहाटेच्या गाडीने जाऊ. मामांनी त्या दिवसाचा खाडा आधीच सांगून ठेवलाय.