कलंदर चालतो, मग मॅव्हरिक का नको?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत यंदा गणपतीत एक नवं बक्षीस द्यायचं ठरलंय, मळलेली वाट सोडून काहीतरी करणाऱ्या सभासदाला. तरुण मंडळींनी नाव सुचवलं ‘मॅव्हरिक पुरस्कार’. झालं! गणपतीच्या मांडवात इंग्रजी नको म्हणून ज्येष्ठांनी पर्याय काढला ‘कलंदर’. दादा फोनवर सांगत होता आणि मी इथे टेक्सासात, सॅन अँटोनिओत, एचईबी या किराणा दुकानाच्या रांगेत मोठ्याने हसले. अहो, कलंदर फारसीतून आला! अवलिया म्हणाल, तर तो अरबी. दोघेही न विचारता पेठांत राहायला आले आणि पुणेकर होऊन गेले. मग कागदपत्रं एकट्या मॅव्हरिककडेच का मागायची?

त्यातून हा शब्द आमच्या सॅन अँटोनिओचा. सॅम्युअल मॅव्हरिक हा वकील, जमिनींचे व्यवहार करणारा. 1836 साली टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे, पुढे तो या शहराचा महापौरही झाला. 1845 च्या सुमारास कुणाच्या तरी कर्जापोटी 400 गुरं त्याच्या गळ्यात पडली. गुरांत त्याला काडीचा रस नव्हता. मटागोर्डाच्या किनाऱ्यावर एका गुलाम कुटुंबाच्या भरवशावर ती सोडून हा मोकळा. तेव्हाची रीत अशी, की वासराच्या अंगावर मालकाने आपली खूण डागायची. बिनखुणेचं वासरू ज्याने धरून डागलं त्याचं. याची वासरं तशीच हिंडायची, म्हणून मोकाट वासरू दिसलं की लोक म्हणायचे, मॅव्हरिकचं असणार. 1856 साली त्याने गुरं विकून टाकली, नाव मात्र मागे राहिलं. आधी ते कुठल्याही बिनखुणेच्या वासराला लागलं, मग पक्षाला न जुमानणाऱ्या पुढाऱ्याला आणि शेवटी चाकोरीबाहेरच्या कुणालाही. तो गृहस्थ स्वतः मात्र चांगला बडा जमीनदार होता, बंडखोर वगैरे काही नाही. इथे यावरून कुणी सभा भरवत नाही. (शाळांच्या ग्रंथालयात कुठली पुस्तकं ठेवायची यावरून भरवतात, पण ते सोडा.)

त्याचा नातू मॉरी मॅव्हरिक, तोही 1939 ते 1941 इथला महापौर. नंतर वॉशिंग्टनला एका सरकारी महामंडळाचा प्रमुख असताना, 1944 साली, बोजड कार्यालयीन भाषेला वैतागून त्याने ‘गॉबल्डीगुक’ हा शब्द काढला, टर्की पक्ष्याच्या कलकलाटावरून. शब्द असेही होतात.

महापौर हा शब्द सावरकरांचा, हे मला ठाऊक आहे, आणि ‘मेयर’पेक्षा तो कितीतरी भारदस्त आहे. नवा शब्द घडवायला माझी ना नाहीच. घडवा की! पण कलंदरला घरचा समजून मॅव्हरिकला जिन्यावरून परत पाठवायचं, ही कुठली भाषाशुद्धी?

हे सगळं मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, थोड्या कमी तिखटात. सेक्रेटरींचं उत्तर आलं, ‘परदेशस्थ सभासदांनी यात न पडलेलं बरं.’

कलंदर राहिला बाजूला. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय ते या वाक्याने. माझा फ्लॅट तिथे आहे. तो भाड्याने दिलाय म्हणून दर तिमाहीला माझ्याकडून ‘बिनभोगवटा शुल्क’ घेतात (मॉरीसाहेबांना हा शब्द ऐकवायला हवा होता), तेव्हा मी परदेशस्थ नसते, सन्माननीय सभासद असते. नारायण पेठेत वाढलेय मी. पुण्यात नुसती पेठ सांगितली की माणूस डागून होतो, पुढचं काही सांगावं लागत नाही. पण आमचा वाडा पडला, तिथे इमारत आली, आणि आता मी नारायण पेठ म्हटलं की लोक विचारतात, ‘हो, पण आता कुठे?’

आणि घरी माझं काय चालतं? लेक म्हणाली, ‘आई, मी शॉवर घेतला,’ की मी लगेच, ‘शॉवर घेतला नाही, आंघोळ केली!’ परवा ती म्हणाली, ‘पण शॉवरच होता ना गं.’ तिचं बरोबर आहे. तरी मी तिच्याकडून ‘आंघोळ केली’ म्हणवून घेतलंच. तिच्या मराठीवर माझी खूण हवी मला. दुसऱ्या कुणी डागलेली चालणार नाही. कोथरूडच्या त्या ज्येष्ठांनाही बहुधा एवढंच हवं असेल, हे कळतं मला. पण ते तिथे राहून भांडतात आणि मी इथून, त्यामुळे माझा आवाज जरा जास्तच चढतो.

दादाला सांगितलंय, रविवारच्या सभेत माझं मत मॅव्हरिकला. सेक्रेटरी मोजणार नाहीत म्हणाले, तर या तिमाहीची पावती त्यांच्यापुढे ठेव.